चिटणिसांच्या गाडीला चाळीस बटणं

माझ्या मेहुणीचं माप चुकत नाही. माझं चुकलं. दहा सेंटीमीटरने. त्या दहा सेंटीमीटरपायी काय काय झालं, ते लिहितो.

मेहुणी म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. धंदा शिवणकामाचा. टेप गळ्यात कायम. झोपताना तरी काढते का, ते तिच्या नवऱ्याला विचारावं लागेल. बाजारात तिला टेपबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. म्हणते, "कात्रीबाई म्हणाले असते तर वाईट वाटलं असतं."

बत्तीस वर्षांची असताना ती एका सभागृहाचे पडदे लावायला शिडीवर चढली. शिडी ज्याने धरली होती त्याला शिंक आली. त्याने दोन्ही हात नाकाकडे नेले. शिडी गेली, पाठीचा कणा गेला, कमरेखालचं सगळं गेलं. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ती छताकडे बघत पडली होती. म्हणाली, "भाऊजी, पडदा मात्र सरळ लागला होता. बघून या." मी जाऊन बघून आलो. सरळ होता. तसं येऊन सांगितलं. मग ती झोपली.

त्यानंतर व्हीलचेअर. तिचा नवरा लिफ्टचा मेकॅनिक आहे. बोलत फारसा नाही, पण हात चालतो. त्याने कापायच्या टेबलाचे चारही पाय अकरा सेंटीमीटरने कमी केले. मशीनचं पायाने दाबायचं बटण उचलून उजव्या कोपराजवळ बसवलं. आता ती कोपराने मशीन चालवते. सुरुवातीला आठ दिवस सगळ्या शिवणी पळत सुटल्या. नवव्या दिवशी सरळ आल्या. तोवर तिने एकही कपडा गिऱ्हाइकाला दिला नाही. सगळ्या उसवल्या आणि पुन्हा घातल्या. मला तिच्यात आवडतं ते हे.

गाडीही हातांनी चालवायची करून घेतली. नवरा सकाळी सहालाच कामावर जातो. लिफ्ट अडकायची ती सकाळीच अडकते. त्यामुळे ती एकटीच येते-जाते.

गाडीतून उतरायची तिची पद्धत मी घड्याळ लावून पाहिलेली आहे. दार पूर्ण उघडायचं. अर्धं नाही, पूर्ण. शेजारच्या सीटवरून व्हीलचेअरचा सांगाडा पोटावरून ओढून बाहेर काढायचा. मग चाकं, एकेक. खटका लागल्याचा आवाज ऐकायचा. खुर्ची सीटला चिकटवून ब्रेक लावायचा. मग हातांवर सगळं अंग उचलून पलीकडे. पहिल्या वर्षी अकरा मिनिटं लागायची. आता चार. यात नशिबाचा भाग नाही, हातांचा आहे. पण दाराशेजारी जागा नसेल तर चार मिनिटांचं काम चार तासांतही होत नाही. होतच नाही.

म्हणून राखीव जागा लागते. गाडीची जागा, आणि तिच्या शेजारी तिरक्या पट्ट्यांचा मोकळा भाग. ते तिरके पट्टे शोभेचे नाहीत. लोकांना वाटतं तिथे स्कूटर लावायची सोय केली आहे. ती खुर्ची उतरवायची जागा आहे.

बाजाराच्या इमारतीत तळमजल्यावर तिचा गाळा आहे, चार नंबरचा. इमारतीच्या आवारात अकरा गाड्यांची जागा. त्यातली पहिली राखीव, उताराला लागून, वर पत्र्याची शेड. ती जागा मीच आखली. माझी नोकरी तीच होती, रस्त्यांवर पट्टे मारायची. अडतीस वर्षं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी ही जागा आखली तेव्हा मेहुणीला म्हणालो, "घे, तुझं अंगण." ती उतरली, वळली, म्हणाली, "भाऊजी, वळताना मागचं चाक रेघेबाहेर जातंय."

मी म्हणालो, "तुला वळता येत नाही."

हे वाक्य मला नंतर महागात पडलं.

आता चिटणीस. बाजाराचा कारभार बघणारा माणूस. वाईट नव्हता. इस्त्री मात्र फार कडक. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. रोज सकाळी दहाला तो दारात रजिस्टर घेऊन उभा राहायचा. ज्याचा गाळा दहाला उघडला नाही त्याला लेटमार्क. तीन महिन्यांत तीन लेटमार्क झाले की गाळा काढून घ्यायचा आणि यादीतल्या पुढच्याला द्यायचा. यादी लांब होती. नियम जुना होता, पण चिटणिसाने तो झटकून पुसून पुन्हा वापरायला काढला होता.

मेहुणीचा पहिला लेटमार्क एका पार्सलच्या व्हॅनमुळे झाला. व्हॅन राखीव जागेत. ड्रायव्हर म्हणाला, पाचच मिनिटं. पाच मिनिटांची पंचवीस झाली. हे मी मान्य करतो, कधीतरी होतं.

दुसरा मात्र खुद्द चिटणिसाने केला. त्याने नवी गाडी घेतली होती. पांढरीच. शेडखाली लावली की तापत नाही, आणि खोलीच्या खिडकीतून दिसते, म्हणून त्याने ती राखीव जागेत लावली. मग दारात येऊन रजिस्टर उघडून उभा राहिला. मेहुणी आवारात गोल गोल फिरते आहे, हा घड्याळ बघतो आहे. दहा वाजले. लिहिलं. तेव्हा मी तिथेच होतो, पँटची झिप बदलायला आलो होतो.

ती काच खाली करून म्हणाली, "साहेब, तुमची गाडी माझ्या जागेत आहे."

"ताई, नियम सगळ्यांना सारखे. दहा म्हणजे दहा."

"आणि जागेचा नियम?"

"ते मी बघतो. पण उशीर तो उशीर."

"मी पावणेनऊला आले आहे. सव्वा तास झाला तुमच्या बाजाराला प्रदक्षिणा घालते आहे. अजून चार घातल्या तर पुण्य लागेल मला."

चिटणीस हसला नाही. वहीत शिस्तीत रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी ती साडेआठला आली. तो सव्वाआठला आलेला होता. तिने आठला यायचं ठरवलं, तो पावणेआठला. आठवडाभर असंच चाललं. त्या दिवसांत बाजाराच्या मागच्या गल्लीतला चावीवाला तिच्या मदतीला यायचा. तो समोरचा रस्ता अडवून उभा राहायचा, ती रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून उतरायची, मागे हॉर्नचा बँड वाजायचा, आणि चावीवाला नंतर तिची गाडी लांब नेऊन लावायचा. दहाच्या आत गाळा उघडायचा, पण कसा, ते बघणाऱ्यालाच माहीत. एकदा ट्रकचा आरसा तिच्या कानाजवळून गेला.

त्या दिवशी संध्याकाळी ती आमच्याकडे आली. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची लावून बसली. तिथे बसली की बायकोला फ्रिज उघडता येत नाही, पण बायको काही बोलत नाही.

"ताई, गाळा गेला तर घरात शिवायचं म्हटलं तर टेबल मावत नाही. खोली दहा बाय नऊ. मोजली मी."

"कुठे जातोय गाळा?" बायको म्हणाली. "हे आहेत ना. अडतीस वर्षं यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांना शिस्त लावली."

मी म्हणालो, "पार्किंगच्या इन्स्पेक्टरला बोलावू. राखीव जागेत गाडी लावली की दंड होतो. एकदा झाला की पुरतो."

इन्स्पेक्टर आला. सडसडीत माणूस, बूट स्वच्छ, हातात पोलादी टेप. मला तो पाहताक्षणी आवडला. टेप ओढताना तो वाकत नव्हता, गुडघ्यावर बसत होता. नीट मोजायचं तर तसंच बसावं लागतं. जागेत चिटणिसाची गाडी उभी होतीच. इन्स्पेक्टरने आधी राखीव जागेची पाटी वाचली, मग जागा मोजली, मग शेजारचा पट्टेरी भाग मोजला. पुन्हा मोजला. मग उठून म्हणाला, "दंड करता येणार नाही."

"का?" मेहुणी म्हणाली.

"पट्टेरी भाग एकशे वीस सेंटीमीटर हवा. हा एकशे दहा आहे. जागा मापात बसत नाही. मापात नसेल तर ती कागदावर राखीव नाही. मी पावती फाडली तर यांनी वर जाऊन ती फाडून टाकावी, इतकं सोपं आहे."

चिटणीस शेडच्या खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, "मी आधीच म्हणालो होतो, मोजा म्हणून." तो असं काही म्हणाला नव्हता. पण आता म्हणायला मोकळा होता.

मेहुणी गाडीत बसलेली. तिने मान हळूच माझ्याकडे वळवली.

"हे पट्टे कोणी मारलेत हो, भाऊजी?"

मी शेडच्या पत्र्याकडे बघत होतो.

"भाऊजी, पत्रा मी नंतर दाखवीन तुम्हाला. इकडे बघा."

चूक कशी झाली ते सांगतो. साध्या गाड्यांच्या जागा आखताना दोन जागांमध्ये एकच रेघ असते. म्हणून एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंत माप धरायचं. हात तसा बसलेला. हजारो जागा तशा आखल्या. पण पट्टेरी भाग आतून आत मोजायचा असतो, कारण खुर्ची रेघेवर उतरत नाही, रेघांच्या आत उतरते. मी तिथेही डाव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत धरलं. एका रेघेची जाडी खाल्ली गेली. दहा सेंटीमीटर. माझ्या धंद्यातल्या माणसाशिवाय ही चूक दुसरा कोणी करणार नाही. धंद्यात नवा असलेलाही करणार नाही. त्याला आपण काय करतोय ते बघावं लागतं.

मेहुणी म्हणाली, "आमच्याकडे दहा सेंटीमीटर चुकले की कपडा दुसऱ्याच माणसाला बसतो."

बायकोने घरी ऐकलं तेव्हा जेवण वाढता वाढता पळी हवेत थांबवली. "अख्ख्या गावाचे रस्ते सरळ मारलेत, आणि माझ्या बहिणीच्या जागेवर येऊन माती खाल्लीत? आणि वर तिलाच म्हणालात, वळता येत नाही?"

मी जेवून उठलो. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरच्या कचेरीत गेलो. सांगितलं, चूक माझी, दुरुस्त मी करतो, रंग तुमचा, हात माझा. पलीकडे उताराच्या कठड्यापर्यंत मोकळी जागा होती, बाहेरची एकच रेघ सरकवायची होती. त्याने लेखी परवानगी दिली. बाजाराची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. सोमवारी रंगवा, मंगळवारी सकाळी साडेनऊला मी मोजायला येतो, म्हणाला. परवानगीची एक प्रत बाजाराच्या कार्यालयाला गेली. म्हणजे चिटणिसाच्या हातात.

मी मेहुणीला तसं सांगितलं. ती काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "तो रविवारी संध्याकाळी गाडी तिथेच ठेवून घरी जाणार."

"कशावरून?"

"गाडी उभी असली तर तुम्ही रंगवणार कसे? नाही रंगवलं तर मंगळवारी माप कमीच. आणि साडेनऊच्या आधी येऊन तो गाडी काढणार, म्हणजे इन्स्पेक्टरसाहेबांना दिसायला नको. मी त्याच्या जागी असते तर असंच केलं असतं."

"मग?"

"मग काय. नवी गाडी आहे बिचाऱ्याची. तुम्ही शेजारी रंगकाम करणार. शिंतोडे उडणार. झाकायला नको?"

मी तिच्याकडे बघितलं. चेहरा अगदी सरळ.

तिच्याकडे पडद्यांच्या वेळचं जाड कापड पडून होतं. गाडीची मापं तिने डोळ्यांनी घेतलेली होतीच. दोन आठवडे त्याच गाडीच्या मागे अडकून बसलेली, दुसरं काय करणार होती! मला फक्त खात्री करायला पाठवलं. शुक्रवारी दुपारी मी टेप घेऊन चिटणिसाच्या गाडीभोवती फिरलो. तो खिडकीतून म्हणाला, "काय मोजताय?"

"गाडी छान आहे," मी म्हणालो. "आमच्या घरासमोर मावेल का ते बघतोय."

तो खूश झाला. उंचीही त्यानेच सांगितली. मेहुणीचा अंदाज दोन बोटांनी चुकला होता. ती दिवसभर त्यावर चरफडत होती.

झाकण असं होतं. वरून गाडीच्या अंगाबरोबर बसणारं कापड. खाली चार रुंद पट्टे. ते गाडीच्या पोटाखालून पलीकडे घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूला बटणांनी लावायचे. एका पट्ट्याला दहा बटणं. ओव्हरकोटाची, चार भोकांची, जाड. एकूण चाळीस. बटणं जमिनीपासून वीतभर उंचीवर. बायकोने ती लावून दिली, प्रत्येक बटणाला सहा टाके आणि बटणाखालच्या टाक्यांच्या मानेला दोऱ्याचे चार वेढे. काजं मेहुणीने केली. मी एक बटण लावून बघितलं. अंगठा दुखला.

"तंग आहे," मी म्हणालो.

"नवं काज असंच असतं. हट्टी. दहा-बारा वेळा वापरलं की ऐकतं."

"आणि मागे हे प्लास्टिकचं कशाला?"

झाकणाच्या मागच्या बाजूला तिने एक चौकोन कापून त्यात पारदर्शक प्लास्टिक शिवलं होतं. कडा दुमडून, दुहेरी शिवण मारून. टेबलाखालच्या गठ्ठ्यातून ती दोरा शोधत होती. म्हणाली, "नंबर दिसायला हवा ना. गाडी कोणाची आहे ते कळायला नको? लोक काय म्हणतील, बेवारस आहे."

रविवारी संध्याकाळी चिटणीस गाडी जागेत ठेवून शेजाऱ्याच्या स्कूटरवरून घरी गेला. गाडी तिरपी लावली होती, दोन चाकं पट्टेरी भागात. चावीवाल्याने फोन करून सांगितलं.

सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही तिघं आवारात. मी, बायको, आणि मेहुणी. सुट्टीमुळे आवार मोकळं होतं, मेहुणीला कुठेही उतरता आलं असतं, तरी ती गाडीतच बसून राहिली. सूचना देत होती. आधी झाकण. बायको एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. पट्टे खालून ओढून घेतले. बटणं लावायला आम्हा दोघांना पाऊण तास लागला. मेहुणी गाडीतून म्हणत होती, "ताई, तिसऱ्या पट्ट्याचं सातवं राहिलं. दिसतंय मला."

मग रंग. बाहेरची जुनी रेघ ग्राइंडरने खरवडली. धूळ झाडली, ओलं फडकं फिरवलं, वाळू दिलं. हे वाळू देणं कोणी करत नाही, म्हणून रंग सहा महिन्यांत उडतो. आतल्या रेघेच्या आतल्या कडेपासून टेप लावला. एकशे वीस. खडूची खूण. दुसऱ्या टोकाला पुन्हा एकशे वीस. मध्ये पुन्हा. दोरी ताणली. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी. मग रोलर, दोन हात, मध्ये तास जाऊ देऊन. तिरके पट्टे दहा-दहा सेंटीमीटर पुढे वाढवले. चाकांखालचे होते तसेच राहिले, ते बरोबरच होते. एक शिंतोडाही उडाला नाही. अडतीस वर्षांत उडाला नव्हता, तर आताच काय उडणार. पण झाकण होतं ते बरं.

संपल्यावर मेहुणीने तिचा टेप गळ्यातून काढला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. "आता माझ्याने मोजा."

मोजलं. एकशे वीस.

"बघा," ती म्हणाली, "आता मला वळता यायला लागलं."

मंगळवारी मी नऊलाच जाऊन उताराच्या कठड्यावर बसलो. मेहुणी आलेलीच होती, जागेच्या जरा अलीकडे गाडी उभी करून. सव्वानऊला चिटणीस स्कूटरवरून उतरला. त्याने झाकण बघितलं. 

"हे काय आहे?"

"झाकण," मेहुणी म्हणाली. "काल इथे रंगकाम झालं. तुमच्या गाडीला जपलं आम्ही. एक थेंब पडला असेल तर दाखवा."

त्याने झाकण एका कोपऱ्यातून उचलून बघितलं. नाही आलं. ओढलं. नाही आलं. मग खाली वाकून बटणं दिसली. पांढरी पँट. मग रुमाल अंथरून गुडघ्यावर बसला आणि पहिलं बटण काढायला लागला. ते निघेना.

"ताई, कात्री आहे का?"

"आहे ना. धारदार आहे. पण गाळ्यात आहे. गाळ्यात जायचं तर गाडीतून उतरायला हवं. उतरायचं तर जागा हवी. जागेत तुमची गाडी आहे. ती काढा, लगेच देते कात्री."

चावीवाला तेवढ्यात तिथे आला होता. तो वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"कापा हवं तर," मेहुणी पुढे म्हणाली. "चावीवाल्याकडे सुरी असेल. माझं कापड, ताईचे टाके. पण तुमच्यासाठी केलं आहे म्हणून सांगते, सोळाव्यापासून जरा सोपी जातात."

जात नव्हती. मी बघत होतो. सुरी चावीवाल्याने काही काढली नाही.

साडेनऊला इन्स्पेक्टर आला. चिटणीस अकराव्या बटणावर होता. इन्स्पेक्टरने टेप काढला. गुडघ्यावर बसला. म्हणजे आता दोघं गुडघ्यावर होते, एक जागेच्या या टोकाला, एक त्या टोकाला. इन्स्पेक्टरने पट्टेरी भाग तीन ठिकाणी मोजला. प्रत्येक वेळी आतून आत. मग उठला, वहीत लिहिलं, आणि माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. मला तेवढं पुरे होतं.

मग तो गाडीच्या मागे गेला. प्लास्टिकच्या चौकोनासमोर थांबला. थोडा वाकला. नंबर वाचून लिहिला. शिवणीवरून एकदा अंगठा फिरवला.

"छान काम आहे," तो म्हणाला.

"दुहेरी शिवण आहे," मेहुणी म्हणाली.

"साहेब, साहेब," चिटणीस तसाच बसल्या जागी म्हणाला, "मी काढतोच आहे. पाच मिनिटं."

"काढा," इन्स्पेक्टर म्हणाला. "मी थांबतो. किती वाजता निघाली तेही लिहावं लागतं."

दहा वाजले तेव्हा चिटणीस चोविसाव्या बटणावर होता. रजिस्टर स्कूटरच्या डिकीत. बाकीचे गाळेवाले दारात जमले आणि कोणी लेटमार्क देत नाही म्हणून आपापले गाळे उघडून बसले. दहा वाजून बावीस मिनिटांनी चाळिसावं निघालं. चिटणिसाने गाडी बाहेर काढली. पँटच्या गुडघ्यांवर दोन गोल डाग. मेहुणीने गाडी आत घेतली. दार पूर्ण उघडलं. सांगाडा, चाक, खटका, चाक, खटका, ब्रेक, हात. वळली. मागचं चाक रेघेच्या आत राहिलं. मी तेच बघत होतो, दुसरं काही नाही.

दारात चिटणीस रजिस्टर घेऊन उभा होता. हात काळे झालेले. घाम पुसत म्हणाला, "दहा एकतीस. ताई, हा तिसरा. मी काही करू शकत नाही. नियम आहे."

मी कठड्यावरून उठलो. दंड झाला, माप बसलं, पण गाळा जायचा तर जाणारच होता.

मेहुणी म्हणाली, "लिहा की. पण सगळे रकाने भरा."

"म्हणजे?"

"शेवटचा रकाना. कारण. नियमावली वाचली मी, मागच्या पानापर्यंत. बाजार कार्यालयामुळे उशीर झाला असेल तर तो लेटमार्क धरायचा नाही. म्हणून तर कारणाचा रकाना आहे. तुम्ही तो कधी भरतच नाही."

चिटणिसाने रजिस्टर उलटंपालटं केलं. रकाना होता. वर्षानुवर्षं कोरा. तो इन्स्पेक्टरकडे बघायला लागला. इन्स्पेक्टर म्हणाला, "गाडी कुठे होती आणि कधीपर्यंत, ते माझ्या वहीत आहे. तुमचं आणि माझं जुळलं तर बरं."

चिटणिसाने खिशातलं पेन काढलं. 

"काय लिहू?"

"झालं ते लिहा," ती म्हणाली. "राखीव जागेत चिटणिसांची गाडी. अक्षर वाचता येईल असं."

त्याने लिहिलं. अक्षर चांगलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

"आता पान मागे घ्या. दुसरा लेटमार्क. तोही तोच. तिथे 'वरीलप्रमाणे' लिहू नका, तो वर येतो, हा खाली. पूर्ण लिहा."

तेही लिहिलं. म्हणजे तिच्या नावावर उरला एकच, पार्सलच्या व्हॅनचा. तो तिने मान्य केला. म्हणाली, "तो माझा. व्हॅनवाल्याशी मी जास्त गप्पा मारल्या."

मग खुर्ची ढकलत गाळ्याकडे गेली. शटर वर केलं. चिटणीस मागे मागे आला. हातात घडी न घालता गोळा केलेलं झाकण होतं. म्हणाला, "ताई, हे तुमचं."

"ठेवा तुम्ही," ती म्हणाली. "गाडी आता उन्हात राहणार. लागेल."

हल्ली ती साडेनऊलाच येते. जागा मोकळी असते. गाडी आत घेते आणि उतरत नाही. काच खाली करून कोणाच्या तरी बाहीला हाताने टीप घालत बसते. चिटणीस दारात रजिस्टर घेऊन उभा असतो, एक डोळा घड्याळावर, एक तिच्यावर. नऊ चोपन्नला ती सुई कापडात खोचते आणि दार उघडते. चार मिनिटं. नऊ अठ्ठावन्नला चाकं जमिनीवर टेकलेली असतात. मग उतारावरून दोन मिनिटं.

मी एकदा विचारलं, "आधीच का जात नाहीस?"

"जागा माझी आहे," ती म्हणाली. "घाई करायची सवय मोडते आहे."